बिलावरची ओळ आणि मजुराचा अंगठा

माझ्या प्लंबर, वायरमन, रंगारी, सुतार, फॅब्रिकेटर बंधुभगिनींनो,

अध्यक्षपदाचा मान तुम्ही मला दिलात. धंद्याचा वर्षभराचा आढावा आपल्या संघटनेच्या चिटणिसांच्या अहवालात आला आहे. जीएसटी, ॲपवाल्या कंपन्यांची स्पर्धा, माणसं न मिळणं, सगळं त्यात आहे. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ती कित्येक वर्षं माझ्या मनात घर करून बसली आहे.

आपल्यातल्या बहुतेकांच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'कामामुळे होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार नाही.' ही ओळ बिलावर पुरे, की पाचशेच्या स्टॅम्पवर गिऱ्हाइकाची सही घ्यावी, यावर सकाळच्या सत्रात तासभर वाद झाला. मी म्हणतो, ती ओळ काढूनच टाका. तिच्या भरवशावर आपण जे करायला हवं ते करत नाही.

साठच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयात एका लाँड्रीचं प्रकरण गेलं होतं. साडी हरवली होती. कपडा हरवल्यास किमतीच्या फक्त 15 टक्के रक्कम मिळेल, असं पावतीवर छापलेलं होतं. न्यायालयाने ती अट सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवून बाजूला सारली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर निष्काळजीपणा सरळ सेवेतली त्रुटी म्हणून मोजला जातो आणि एकतर्फी कराराविरुद्ध दाद मागता येते. मग आपली ओळ कुठे टिकणार?

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आम्ही एका बाथरूमचं वॉटरप्रूफिंग केलं. तोडफोडीआधी मी खालच्या फ्लॅटमध्ये गेलो. नहाणी ट्रॅपच्या बाजूला छताला ओल होतीच. ओलीच्या कडेकडेने पेन्सिलीने रेघ ओढली, शेजारी तारीख घातली, फोटो काढला आणि तिथल्या वहिनींची कागदावर सही घेतली. कोबा झाल्यावर पाणी भरून 48 तास ठेवलं, पुन्हा खाली जाऊन पाहिलं. पावसाळ्यात वकिलाची नोटीस आली. तुमच्या कामाने छत गळतंय, रंगाचा आणि पीओपीचा खर्च भरा. मी फोटो घेऊन गेलो. जुनी ओल रेघेच्या आतच होती. नवी ओल दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या भिंतीच्या भेगेखाली. प्रकरण तिथेच मिटलं. नोटिशीच्या उत्तरात माझ्या वकिलांनी बिलावरच्या ओळीचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. स्टॅम्पवाल्या मित्रांना माझं एवढंच उत्तर आहे.

आता दुसरा कागद. त्याची मला चीड येते. झुल्यावर चढणाऱ्या रंगाऱ्याकडून, हेल्परकडून आपल्यातले काही जण 'स्वतःच्या जबाबदारीवर काम करतो' असं लिहून घेतात. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल, हे 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या 17 व्या कलमातच लिहिलेलं होतं. त्याला शंभर वर्षं उलटली, तरी आपण अंगठे घेतोय! सेफ्टी बेल्ट आणायचा म्हटलं की खर्च दिसतो, अंगठ्याला मात्र शाईचं पॅड खिशात तयार असतं. दोरी सुटून पोर खाली आलं, तर त्याच्या आईसमोर हा कागद धरणार आहात? कोर्टात तर तो कोणी वाचायचाही नाही.

या दोन्ही कागदांऐवजी कामाआधीच्या पाहणीचा एक नमुना आपण तयार करावा, प्लंबिंगचा वेगळा, वायरिंगचा वेगळा. जुन्या घरात अर्थिंग नसेल तर तसं आधीच लिहून द्यायची सोय त्यात हवी. मजुरांच्या विम्याचं एकत्रित काही जमतं का, तेही विमा कंपन्यांकडे विचारून बघायचं आहे. तपशील कार्यकारिणी ठरवील.

मात्र मजुराचा अंगठा घेणाऱ्याला सभासद ठेवायचं की नाही, हा ठराव मी कार्यकारिणीवर सोडणार नाही. दुपारच्या सत्रात तो मी स्वतः मांडणार आहे. ज्यांना विरोध करायचा असेल त्यांनी इथे, या माइकवर येऊन, सगळ्यांसमोर करावा.