गाडी थरथरते, पण नेमकी कधी?

गेल्या आठवड्यात आपण गटाच्या अंतर्गत कर्जाबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा तर घरातल्या माणसांचा विषय. आजचा विषय आहे मोटारसायकल. तिच्या इंजिनची थरथर, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ‘गाडी व्हायब्रेशन मारते’ म्हणतात, ती.

पण विचार करा. आज आपल्या गटांतल्या किती बाया दूध घालायला, बँकेत, बाजाराला, मुलीला शाळेत सोडायला गाडीवर जातात? स्वतः चालवत नसतील तर मागे बसून जातात. गाडी बंद पडली की रोजचा धंदा बंद पडतो, आणि दुरुस्तीचे पैसे बऱ्याचदा गटाच्या कर्जातूनच येतात. मग ते पैसे कशाला लागले, हे आपल्याला कळायला नको?

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. आपल्याकडच्या १०० किंवा १२५ सीसीच्या गाड्यांना एकच सिलिंडर असतो. त्यात एकच पिस्टन वर-खाली धावतो. आपण ४० च्या वेगाने निवांत जात असतो तेव्हासुद्धा तो एका सेकंदात पन्नासच्या वर वेळा वर-खाली होतो. जात्याच्या दोन पाळ्या नीट बसल्या नाहीत की जातं कसं हाताला हादरे देतं? तसा हा एकटा पिस्टन इंजिनला हादरे देत असतो. ते कमी करायला आत वजनं बसवलेली असतात, पायाखाली नि हॅन्डलला रबर असतं. तरी थोडी थरथर राहतेच. म्हणून थरथर आहे एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. बघायचं ते हे, की कालपर्यंत नव्हती ती थरथर आज आली का? आणि आली, तर कधी येते?

हा ‘कधी’ फार कामाचा आहे. ताप आलेलं लेकरू दवाखान्यात नेलं की डॉक्टर विचारतात ना, कधीपासून, रात्री वाढतो का, थंडी वाजते का? तसंच गाडीचं. त्यासाठी दोन परीक्षा आहेत.

पहिली परीक्षा, जागेवर. गाडी उघड्या अंगणात मोठ्या स्टँडवर लावायची. बंद पडवीत नाही, धूर कोंडतो आणि तो विषारी असतो. न्यूट्रल करायची, चालू करायची, हळूहळू रेस द्यायची. पदर, ओढणी आणि पोरंबाळं मागच्या चाकापासून लांब ठेवायची, कारण न्यूट्रलमध्येही ते चाक कधीकधी फिरतं. जागेवरच जोरात थरथरली, तर दोष इंजिनमध्ये, इंजिन जिथं बसवलंय तिथं, नाहीतर सायलेन्सरसारख्या एखाद्या ढिल्या भागात. जागेवर शांत आणि रस्त्यावर थरथरते, तर आधी चाकं, टायर आणि चेन बघायची.

दुसरी परीक्षा, रस्त्यावर. ही सराव असलेल्या माणसानंच करायची, मोकळ्या सरळ रस्त्यावर. ज्या वेगाला थरथर येते तिथं रेस सोडायची आणि क्लच पूर्ण दाबायचा. चावी बंद करायची नाही. क्लच दाबताच थरथर थांबली, तर ती इंजिनच्या बाजूची. गाडी नुसती घरंगळतेय तरी थरथर आहेच, तर ती चाकांची.

आणि एक तिसरी गोष्ट, यात गाडीचा काही दोषच नसतो. चढावर, मागे माणूस आणि पुढे पिशवी, वेग २०-२५ चा, आणि गिअर टॉपचा. अशा वेळी इंजिन धडधडणारच. एक-दोन गिअर खाली घ्या, थांबेल. असंच रेटत राहिलं तर मात्र इंजिनला खरंच इजा होते.

आता कुठं कुठं बघायचं? खर्च नसलेल्या गोष्टी आधी.

हवा. चाकात किती हवा हवी, हे बहुतेक गाड्यांवर चेनच्या कव्हरजवळ स्टिकरवर लिहिलेलं असतं. डबलसीटला मागे जास्त लागते, तोही आकडा तिथं असतो. हवा सकाळी, गाडी गार असताना तपासायची. टायरला कुठं फुगवटा आलाय का, हात फिरवून बघा. फुगवटा असेल तर त्या टायरवर पुढे जाऊ नका. पावसाळ्यात रिमला एका बाजूला चिखल वाळून बसतो, तेवढ्यानंही चाक उड्या मारतं.

चाक. स्टँडवर, इंजिन बंद करून, चाक हातानं फिरवा आणि रिमजवळ एक काडी स्थिर धरा. रिम काडीजवळ येते, लांब जाते, असं दिसलं तर चाक आऊट झालंय. ताराचं चाक असेल तर एकेक तार पान्यानं हलकेच वाजवा. घट्ट तार टणक वाजते, ढिली तार बद्द वाजते. मग चाक वरून धरून आडवं हलवा. खटखट लागलं तर बेरिंग गेलं असण्याची शक्यता आहे.

चेन. पुन्हा सांगते, इंजिन बंद. चालू इंजिनात चेनपाशी बोट नेलं तर बोट जातं. दोन चक्र्यांच्या मधोमध चेन वर-खाली करून बघा. बऱ्याच गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड बोटाची ढील लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा. एके ठिकाणी ताठ आणि दुसरीकडं लोंबते, अशी असेल तर चेन संपली. चक्रीचे दात माशाच्या गळासारखे वाकलेत का तेही बघा. मग चेन आणि दोन्ही चक्र्या एकदमच बदलायच्या. जुन्या चक्रीवर नवी चेन टाकली तर तीही लवकर जाते. आणि हो, चेन तारेसारखी ताणून घेऊ नका. ताठ चेनही हादरे देते आणि बेरिंग खाते.

आता नट-बोल्ट. इंजिन हे गाडीच्या सांगाड्याला मोजक्या मोठ्या बोल्टांनी धरलेलं असतं. खडीच्या रस्त्यावर ते ढिले होतात, कधी नट गळूनही पडतो. गार इंजिनात प्रत्येक नट बघा. त्याच्याभोवती तांबूस भुकटी किंवा घासून चकचकीत झालेली जागा दिसली तर तो हलतोय असं समजा. तो घट्ट करायचा, पण अंगातला सगळा जोर लावून नाही, आटे मोडतात. सायलेन्सर, फूटरेस्ट, लेगगार्ड, नंबरप्लेट यांचेही बोल्ट बघा. फक्त हाताला मुंग्या येत असतील, तर हॅन्डलच्या दोन्ही टोकांना लोखंडी वजनं आहेत का पाहा. ज्या गाड्यांना ती कंपनीतून येतात, त्यांची वजनं मूठ बदलताना काढली जातात आणि परत लावायची राहतात. ती शोभेची नसतात, हॅन्डलची थरथर मारण्यासाठीच असतात.

आमच्याच एका गटातली गोष्ट सांगते. एक ताई मोटारसायकलवर वाड्यावस्त्यांचं दूध गोळा करून डेअरीला घालतात. गाडी एवढी थरथरायला लागली की कॅनची झाकणं वाजायची. गॅरेजमध्ये सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, सात हजार लागतील. ताईंनी मीटिंगमध्ये कर्जाची मागणी ठेवली. तेव्हा एका वयस्कर सदस्य बाईंनी विचारलं, “अगं, उभी असताना थरथरते का चालताना?” ताई म्हणाल्या, “दोन्हीकडं. पण आवाज तर पहिल्यासारखाच आहे, ओढायलाही कमी नाही.” मीटिंग संपल्यावर सगळ्या अंगणात गाडीभोवती बसल्या. इंजिनखालच्या एका बोल्टला नटच नव्हता, आणि बोल्ट अर्धा बाहेर आला होता. दुसऱ्या मिस्त्रीकडून नवा नट-बोल्ट बसवला, बाकीचे आवळून घेतले. सगळं मिळून शंभर रुपयांच्या आत भागलं. ताईंनी कर्जाचा अर्ज मागे घेतला. त्या महिन्यात ते पैसे दुसऱ्या एकीच्या शेळीला गेले.

पण यावरून प्रत्येक मिस्त्री फसवतो असं कुणी धरू नका. त्याच गटात दुसऱ्या एकीच्या गाडीतून निळा धूर येत होता, आतून ठकठक आवाज होता. तिथं ऑइलच तळाला गेलं होतं. त्या गाडीला इंजिनचं काम खरोखर लागलं, आणि गटानं कर्ज दिलं. ऑइल वेळेवर पाहिलं असतं तर ते टळलं असतं. म्हणून ऑइल दर पंधरा दिवसांनी बघा. सपाट जागी, मोठ्या स्टँडवर, इंजिन थोडं चालवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग पट्टी पुसून बुडवून पाहायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं.

जागेवर गाडी अडखळत, मध्येच हुकत थरथरत असेल, तर प्लग आणि एअर फिल्टर साफ करून बघायला सांगा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कधी नुसता स्क्रू फिरवून काम होतं. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकींत पेट्रोल इंजेक्शननं जातं. तिथं स्क्रू फिरवत बसू नका. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा चालू राहिला, तर मशीन लावून तपासणारं गॅरेज गाठा.

आणि तीन गोष्टींत गाडी लगेच थांबवायची. थरथरीबरोबर आतून नवा ठकठक आवाज, इंजिनमधून ऑइलची गळती, किंवा वेगात हॅन्डल डावं-उजवं हलणं. घर दोन किलोमीटरवर असलं तरी ढकलत न्या, नाहीतर कुणाला तरी बोलवा.

शेवटचं, मिस्त्रीशी बोलायचं कसं? “गाडी थरथरते हो” एवढंच सांगितलं तर तो अंदाजानं हात घालणार. त्यापेक्षा असं सांगा, “परवापासून, ४० च्या पुढं, पायाखाली थरथर लागते. क्लच दाबला की थांबते. हवा आणि चेन बघितली आहे.” हे ऐकल्यावर चांगल्या मिस्त्रीचं अर्धं काम होतं, आणि दुसरा कुणी असेल तर त्याला कळतं की बाईला माहिती आहे. इंजिन खोलायचं म्हणाला, तर कशावरून ते विचारा. खर्च कागदावर लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. आपले पैसे आहेत, विचारायला लाजायचं कशाला?

पुढच्या मीटिंगला एक करा. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी गाडीचं पुस्तक घेऊन या. चेनची ढील, हवेचा आकडा आणि ऑइल कधी बदलायचं, एवढ्या तीन गोष्टी गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि दुरुस्तीसाठी कुणी कर्ज मागितलं, तर सही करायच्या आधी सगळ्यांनी मिळून एकच विचारा, गाडी थरथरते, पण नेमकी कधी?