अंतकाळ आणि माणसाचे दुर्गुण



अंतकाळाचा विषय निघाला की तो दिवस केव्हा येणार, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. ख्रिस्ती शिकवणुकीत या प्रश्नाला उत्तर नाही. मत्तयकृत शुभवर्तमानानुसार तो दिवस पित्याखेरीज कोणी जाणत नाही. त्या काळाची लक्षणे मात्र सांगितलेली आहेत.

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शेवटल्या काळातील दुर्गुणांची एक दीर्घ यादी आढळते. तीत खून किंवा चोरी यांचा नामनिर्देश नाही. आरंभ आत्मप्रीतीने होतो, लगेच धनलोभ येतो. पुढे गर्व, कृतघ्नता, आईबापांची अवज्ञा, चहाडखोरी आणि चैनीची आसक्ती. शेवटी येतात भक्तीचे बाह्य रूप तेवढे सांभाळणारे. म्हणजे ही यादी मंदिरात बसलेल्या भाविकालाही वगळीत नाही. शिवाय प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राने हा शेवटला काळ आपल्याच पिढीत सुरू झाल्याचे सांगितले आहे. तेव्हा दुर्गुणांचा हा आरसा कोणत्या तरी भावी पिढीसाठी राखून ठेवता येत नाही.

थेस्सलनीका येथील मंडळीत प्रभूचा दिवस येऊन ठेपल्याची आवई उठली होती. त्याच मंडळीत काहीजण कामधंदा सोडून इतरांच्या उठाठेवी करीत होते. पौलाने त्यांना निमूटपणे कष्ट करून स्वतःची भाकर मिळविण्याची आज्ञा केली.

भिलाई ही कष्टकऱ्यांचीच नगरी. येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. या कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत १९७७ नंतर मजुरी वाढली, आणि वाढलेला पैसा दारूच्या गुत्त्यात जाऊ लागला. तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनीच दारूविरुद्ध मोहीम उभारली. १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून व श्रमांतून शहीद रुग्णालय सुरू केले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत हत्या झाली.

ही चळवळ ख्रिस्ती नव्हती. तथापि अधर्म वाढला की पुष्कळांची माया आटते, हा जो इशारा मत्तयाने नोंदविला आहे, त्याचा अर्थ तिच्यावरून उमगतो. दारुड्याकडे बोट दाखवून काळ बिघडल्याचे सांगणे सोपे असते. त्याच्या घरची चूल पेटली की नाही, याची चौकशी ज्याला सुचत नाही, त्याने तीमथ्याच्या पत्रातील ती यादी पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचावी.