पाण्यातल्या म्हशीचे मोल

जनावरांचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला इसार म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. गिऱ्हाईक आधी म्हशीचे दात पाहते, चार पावले चालवते, जमल्यास धारही काढून पाहते. मग मालकाच्या हातावर थोडे पैसे ठेवते. तेवढ्याने सौदा पक्का. बाकीची रक्कम दावे हातात घेताना. इसार देणारा आगाऊ पैसे देतो हे खरे, पण तो आधी पाहतो आणि मग देतो. न पाहता देणाऱ्यासाठी आपल्या भाषेने वेगळीच म्हण करून ठेवली आहे : पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल.

ही म्हण मला परवा आठवली ती माझ्या भाच्यामुळे. तो इथेच अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्याच घरी राहतो. दोन मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने पाच हजार रुपये साठवले होते. एक दिवस जेवताना म्हणाला, "मामा, दोन महिन्यांनी एक व्हिडिओ गेम येतोय. आजच बुक केला तर नायकाला सोन्याची तलवार आणि वेगळा पोशाख मिळतो. करू का?"

मी इंग्रजी शिकवणारा माणूस. मला त्या खेळांतले काय कळणार? काही तरी विचारायचे म्हणून विचारले, "उशीर केलास तर खेळ संपून जाईल काय?"

"संपेल कसा मामा? डाउनलोड तर करायचा असतो."

"मग रांग कशासाठी?"

तो हसला आणि वरण वाढून घेऊ लागला. पण खरे सांगतो, तो प्रश्न माझ्याच डोक्यात राहिला. रांगेचा अनुभव आमच्या घरात जुना आहे ना!

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांनी लग्नाच्या वर्षी स्कूटरसाठी नाव नोंदवले, आणि स्कूटर दारात आली तेव्हा मी बालवाडीत जात होतो. नोंदणीची पावती आईने दागिन्यांच्या डबीत ठेवली होती, आणि ते योग्यच होते. कारण त्या पावतीलाच बाजारभाव होता. जादा पैसे मोजून दुसऱ्याचा नंबर विकत घेणारे लोक गावोगाव होते. किती स्कूटर काढायच्या हे गिऱ्हाइकाच्या मागणीवर नव्हे, तर सरकारी परवान्यावर ठरायचे, असे ते दिवस. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकसाठी लोक दहा-दहा वर्षे थांबत. पुढे १९८५ साली बजाजचा कारखाना आपल्या वाळूजला उभा राहिला, १९९१ नंतर परवान्यांचा काच सुटला, आणि हळूहळू रांगच नाहीशी झाली. आज तुम्ही दुकानात जाऊन दुचाकीवर बसूनच घरी येता.

वडिलांनी आगाऊ पैसे भरले त्यात भाबडेपणा नव्हता. वस्तू थोडी, मागणारे फार. नाव नोंदवले नाही तर ती मिळणारच नाही. अशा वेळी अनामत म्हणजे रांगेतली जागा. खेळांच्या जगातही अशी जागा असते, हे मला भाच्यानेच दाखवून दिले. प्लेस्टेशन ५ हे यंत्र आपल्या देशात २ फेब्रुवारी २०२१ रोजी यायचे होते. त्याची नोंदणी १२ जानेवारीला दुपारी बाराला उघडली आणि काही मिनिटांत संपली. किंमत ४९,९९० रुपये. यंत्र म्हणजे लोखंड, प्लास्टिक, तांब्याच्या तारा. ते मोजकेच येणार. तिथे घाई करणाऱ्याला मी हसणार नाही.

खेळाचेही पूर्वी थोडेफार असेच असे. तो तबकडीवर, खोक्यात बंद होऊन दुकानात येई. दुकानदाराने किती खोकी मागवावीत याचा अंदाज चुकला, तर पहिल्या दिवशी गिऱ्हाईक हात हलवत परत जाई. म्हणून नावे आधी नोंदवायची रीत पडली. पुढे तबकडीची गरज उरली नाही. खेळ तारेतून घरी येऊ लागला, आणि तारेतून येणारी वस्तू पहिल्याला जितकी मिळते तितकीच कोटीव्या माणसालाही मिळते. रांगेचे कारण गेले. रांग मात्र राहिली. रिकामी जागा भरायला सोन्याची तलवार आली.

तुम्ही म्हणाल, विकणाऱ्याला मग एवढी घाई का? घाई अशासाठी, की म्हैस पाण्यात आहे तोवरच तिचे मोल मनासारखे सांगता येते. बाहेर आली की तिची पाठ दिसते, पाय दिसतात.

पोलंडमधल्या वॉर्सा शहरात सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी आहे. तिने २०१२ साली 'सायबरपंक २०७७' नावाचा खेळ जाहीर केला. आठ वर्षे त्याची चित्रे, चित्रफिती, वर्णने चालली होती. प्रकाशनाची तारीख एप्रिल २०२० वरून सप्टेंबर, सप्टेंबरवरून नोव्हेंबर, आणि शेवटी १० डिसेंबर अशी सरकत गेली. त्या दिवसापर्यंत ऐंशी लाख लोकांनी आगाऊ नोंदणी केली होती, आणि कंपनीनेच जाहीर केले की निर्मितीचा व जाहिरातीचा सगळा खर्च नुसत्या नोंदणीतून वसूल झाला आहे. समीक्षकांना आधी जी प्रत मिळाली ती संगणकावरची, आणि तीवर तो बरा चाले. जुन्या प्लेस्टेशन ४ वर आणि एक्सबॉक्स वनवर तो कसा चालतो, हे गिऱ्हाइकांनी पैसे देऊन झाल्यावर पाहिले. खेळ अडखळे, मध्येच बंद पडे. चार दिवसांत कंपनीने माफी मागितली. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. तो पुन्हा तिथे आला २१ जून २०२१ रोजी. त्यानंतरही दुरुस्ती चालूच राहिली, आणि २०२३ सालच्या मोठ्या सुधारणेनंतर लोक त्याचे मनापासून कौतुक करू लागले.

यातला मला भावलेला भाग हा, की शेवटी खेळ उत्तम झाला. पण तो थांबणाऱ्याला मिळाला, आणि कमी किमतीत मिळाला. ज्याने सर्वांत जास्त विश्वास टाकला त्याला सर्वांत कच्ची प्रत मिळाली. कुठल्याही व्यवहारात असे उलटे गणित मी सहसा पाहिलेले नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाही तर भाचा म्हणेल मामाने एकतर्फी भाषण ठोकले. पहिल्या रात्री चार मित्रांनी मिळून खेळ सुरू करण्यात एक मजा आहे. आमच्या वेळी पहिल्या दिवसाचा पहिला खेळ पाहायला आम्ही चित्रपटगृहाच्या दाराशी धक्काबुक्की करत होतो. चित्रपट पुढे पडला तरी त्या सकाळची आठवण पडत नाही. हौसेला मोल नसते, ही म्हणही आपलीच आहे. पण पहिल्या रात्रीच्या मजेसाठी दोन महिने आधी पैसे द्यावे लागत नाहीत. त्याच सकाळी देता येतात, आणि तोवर दोन-चार जाणकारांनी काय लिहिले तेही वाचता येते.

इथपर्यंत सगळे सोपे होते. मी भाच्याला 'नको' म्हणून मोकळा झालो असतो. पण माझ्या कपाटात एक पावती आहे, तिने मला अडवले.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका पाच खंडांच्या ग्रंथासाठी प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरले होते. पत्रक देखणे होते, संपादक जाणते होते. दोन खंड आले. तिसऱ्याची वाट पाहता पाहता प्रकाशकाचा दूरध्वनी बंद झाला. बायको अधूनमधून विचारते, तिसरा आला का? आणि तरीही, गंमत पाहा, त्यानंतर मी आणखी तीन ग्रंथांसाठी असेच आगाऊ पैसे भरले. त्यांतले दोन आले.

मी मूर्ख आहे काय? असेन. पण मग माझ्याबरोबर फार मोठे लोक त्या यादीत आहेत. डॉ. सॅम्युएल जॉन्सनने १७५६ साली शेक्सपिअरची नाटके संपादून देतो म्हणून वर्गणीदार गोळा केले. पुस्तक आले १७६५ साली. मधल्या काळात चर्चिल नावाच्या एका कवीने त्याची भर बाजारात टर उडवली, की हे गृहस्थ पैसे घेतात, पण पुस्तक कुठे आहे? वर्गणीदारांची यादी का छापली नाही असे विचारल्यावर जॉन्सनने सांगितलेली कारणेही प्रसिद्ध आहेत : एक तर नावे हरवली, आणि दुसरे म्हणजे पैसे खर्च झाले. पण पुस्तक आले, आणि त्याची प्रस्तावना आजही आम्ही वर्गात शिकवतो.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून मोठे आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच. डी. होऊन परत आले, आणि मराठीत ज्ञानकोश काढायचा असे त्यांनी ठरवले. मागे संस्थान नाही, सरकार नाही. त्यांनी ज्ञानकोश मंडळ नावाची मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले. अहो, ज्या ग्रंथाचे एक पानही छापलेले नाही त्यासाठी शाळामास्तर, वकील, कारकून यांच्यापुढे हात पसरायचा! वर्गणीदाराची स्थितीही पाहा. त्याला हवी होती 'अ' पासूनची माहिती, आणि हातात पडले आधी प्रस्तावनेचेच पाच खंड. किती जण कुरकुरले असतील! तरी तेवीस खंड पुरे झाले. त्या वर्गणीदारांचे पैसे नसते, तर ज्ञानकोश उशिरा नव्हे, मुळीच निघाला नसता.

स्कूटरच्या पावतीने वडिलांना रांगेत जागा मिळाली. ज्ञानकोशाच्या वर्गणीने ग्रंथ जन्माला आला. सोन्याच्या तलवारीसाठी दिलेल्या पाच हजारांनी यांतले काय होते? खेळ तर तयार होतच आला आहे. माझ्या भाच्याने पैसे दिले नाहीत म्हणून तो थांबणार नाही आणि दिले म्हणून सुधारणार नाही.

हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याने मला निरुत्तर केले. म्हणाला, "मामा, मग ज्ञानकोशासारखा खेळ असेल तर द्यायचे?" आणि त्याने मला पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळींची हकिकत सांगितली. राजी नावाची एक मुलगी आणि तिचा हरवलेला भाऊ गोलू. दुर्गेच्या वरदानाने ती असुरांशी लढते. भोवती राजस्थानी वाडे आणि पहाडी शैलीची चित्रे. असा खेळ पुण्यात बसून करायचे त्यांनी ठरवले. पैशांसाठी २०१७ साली किकस्टार्टर या ठिकाणी जगभरच्या लोकांना आवाहन केले. तिथला नियम चांगला आहे : ठरवलेली रक्कम जमली तरच लोकांकडून पैसे घेतले जातात. रक्कम जमली नाही. त्या मंडळींनी तरीही दुसरीकडून आधार मिळवला आणि २०२० साली 'राजी' बाहेर आणला. तो जगभर खेळला गेला.

मी ऐकत राहिलो. अमेरिकेतल्या डबल फाइन या मंडळींनी २०१२ साली याच ठिकाणी चार लाख डॉलर मागितले होते. त्यांना तेहतीस लाखांवर मिळाले. त्यांचा लौकिक आधीचा होता, 'राजी'वाल्यांचा नव्हता. केतकरांच्या दारी आलेला पहिला नकार कसा असेल, याची मला त्या दिवशी थोडी कल्पना आली. २०१७ साली कुणी मला विचारले असते, तर मीही 'पाण्यात म्हैस' म्हणून मोकळा झालो असतो, आणि त्या वेळी ती म्हण चुकीच्या ठिकाणी वापरली गेली असती. तिथे पैसे बुडण्याचा धोका जास्त, पण त्या पैशांना काम होते.

जे तरीही नोंदणी करणारच आहेत त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. परतीचा नियम आधी वाचा. स्टीम या मोठ्या दुकानात खेळ येण्याआधी केव्हाही नोंदणी रद्द करता येते, आणि आल्यावरही चौदा दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळला असाल, तर पैसे मागता येतात. इतर दुकानांचे नियम निराळे आहेत. त्यातही प्रत्येक दुकानाचा आडवळणाचा एखादा खाचखळगा असतोच.

भाच्याने पाच हजार दिले नाहीत. खेळ आला त्या रात्री त्याच्या मित्राच्या खोलीवर सगळे जमले होते. हाही गेला, पहाटे परतला. चहा घेताना मी विचारले, कसा आहे? म्हणाला, "चांगलाय. पण तलवार काही विशेष नाही, दहा मिनिटांत त्याहून बरी सापडते." मग पाचशे रुपये त्याने वेगळे काढून ठेवलेले मला दाखवले. बंगळुरूच्या तीन मुलांचा एक खेळ अर्धा झाला आहे, त्यांना पाठवणार म्हणे. मी त्याला पावती जपून ठेवायला सांगितले.