ट्रॉली बुटकी करायची ती चाकाने की भाराने?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत ऊस भरणाऱ्या एका बाईने विचारले, "भाऊ, ही ट्रॉली जरा बुटकी नाही का करता येत?" डोक्यावर मोळी, पायाखाली हलणारी फळी, आणि तशीच वर चढायचे. तिचा प्रश्न रास्त आहे. त्यावर ट्रॉलीवाल्यांनी लगेच उपाय सांगितला, मोठी चाके काढा आणि लहान बसवा. हा उपाय आपण हिशेबाला लावून बघू.

ट्रकची जुनी ९.००-२० ची टायरे ट्रॉलीला असतात. उंची सुमारे ४० इंच. त्या जागी ७.५०-१६ टाकली तर उंची सुमारे ३२ इंच. फरक ८ इंचांचा, पण ट्रॉली ८ इंच खाली येत नाही. ॲक्सल चाकाच्या मधोमध असतो, म्हणून उतरते ती निम्मी, ४ इंच. पैसे मात्र पुऱ्या टायरांचे जातात.

आता भार. दोन चाकी ट्रॉलीत ३ टन ऊस, ट्रॉलीचे स्वतःचे वजन १ टन, एकूण ४ टन. त्यातले अर्धा टन हुकावर ट्रॅक्टर घेतो असे धरा. उरले साडेतीन, म्हणजे एका चाकावर पावणेदोन टन. ९.००-२० चे टायर चांगल्या स्थितीत सुमारे अडीच टन पेलते. ७.५०-१६ चे जास्त प्लायचे नवे टायरही दीड टनाच्या आसपासच. आपण तर घासून गुळगुळीत झालेले टाकणार! शिवाय लहान चाक तेवढ्याच वाटेला सव्वापट फिरते, तो ताप बेअरिंगला. ट्रकच्या हबला १६ इंची रिम बसत नाही म्हणून कोणी नवी भोके पाडून देतो. ते तर करूच नका.

उलटण्याचे काय? चाकांत ५ फूट अंतर आणि भरलेल्या ट्रॉलीचा भारमध्य जमिनीपासून ६ फूट धरला, तर ४ इंच खाली आल्याने ती जेमतेम एक अंश जास्त कलंडणे सोसते. आणि तीच ट्रॉली, मोठ्या चाकांवर, पण सहाऐवजी पाचच फूट थर लावून भरली तर? अर्धा टन ऊस कमी होतो आणि भारमध्य ६ इंच खाली येतो. चाके बदलून मिळते त्याच्या दीडपट, तेही एक पैसा न घालता. आणि त्या बाईला शेवटची मोळी चार इंच नव्हे, पुरा एक फूट खाली टाकायला मिळते.

मी मातीचा माणूस, म्हणून आणखी एक सांगतो. ओल्या काळ्या रानात लहान चाक जास्त रुतते. रुतलेल्या चाकोरीत खोडव्याची बुडखी चेंगरतात, पुढे तिथे फुटवे विरळ येतात. ही नुकसानी कोणत्याच बिलात दिसत नाही, म्हणून ती झालीच नाही असे आपण समजतो.

ज्यांना ट्रॉली खाली घ्यायचीच आहे त्यांनी आधी पाटे बघावेत. ॲक्सल पाट्यांच्या खाली असेल तर तो वर घेऊन बहुतेक तेवढीच उंची कमी होते आणि टायर तेच राहते. मात्र खड्ड्यात दणका बसला तरी ॲक्सल तळाला लागणार नाही एवढी जागा चांगल्या फॅब्रिकेटरकडून मोजून घ्या. ट्रॉली उतरली की हुकही तितकाच खाली घ्यावा लागतो, नाहीतर ट्रॉली मागे झुकते, हुकावरचा भार घटतो आणि चढावर ट्रॅक्टरची मागची चाके फिरत राहतात.

राहिला तो अर्धा टन. ट्रॉलीवाला म्हणेल, मला पैसे टनावर मिळतात, मी कमी का भरू? त्याचेही बरोबर आहे, तो काही धर्मादाय करायला बसलेला नाही. म्हणून वाहतुकीचा दर ठरवताना पाच फुटी थराच्या खेपेचा डिझेलसह खर्च धरला गेला पाहिजे. हंगामाआधीच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्याकडच्या दहा ट्रॉल्यांची तळाची उंची, थराची उंची आणि टायरचे माप लिहून आणावे.