धूर निळा कां ?

संग्रामपूर तालुक्यांत कापसाच्या पैशांतून जुनी मोटारसायकल घेणारा गृहस्थ बहुधा तिचा रंग पाहतो. धूर पाहत नाहीं. धूर निळसर असला कीं इंजिन तेल जाळीत आहे असें समजावें. जुन्या राजदूतची गोष्ट निराळी. तिच्या पेट्रोलांतच तेल मिसळावें लागे. फोर-स्ट्रोक गाडींत मात्र तो दोषच.

मिस्त्री 'इंजिनच बदला' म्हणाला, तरी आधीं प्लग काढून सिलिंडरांत चमचाभर तेल घालावें व दाब मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढल्यास संशय वाल्व्हांवर. रात्रभर उभी गाडी सकाळीं क्षणभरच धुरत असेल, तर पुष्कळदां वाल्व्हचीं रबरी सीलें बदलून भागतें. सिलिंडर झिजला असल्यास तो बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन बसवितात.

दुसरें इंजिन सोपें वाटतें; पण इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकांत असतो, व बदल परिवहन कार्यालयांत नोंदवावा लागतो. बिनकागदाचें इंजिन चोरीचेंहि निघावयाचें !

पेरणीच्या दिवसांत गाडी मिस्त्रीकडे ठेवणें परवडत नाहीं, म्हणून मंडळी नुसतें तेल ओतीत राहतात. एक दिवस ओतावयाचें राहतें, इंजिन जाम होतें, आणि रिंगांवर भागणारें काम क्रँकपर्यंत जातें.