हाताची हालचाल आणि पडद्यावरचा बाण

नवा माउस संगणकाला जोडला की काही क्षणांत पडद्यावरचा बाण हलू लागतो आणि आता काही करायचे उरले नाही, असे समजून बहुतेक वापरकर्ते कामाला लागतात. वस्तुतः त्या क्षणी संगणकाने माउसला ओळखलेले असते, एवढेच. हात किती सरकला म्हणजे बाण किती सरकावा, कोणते बटण मुख्य मानावे आणि चाक फिरवल्यावर मजकूर कोणत्या दिशेने जावा, या प्रश्नांची उत्तरे ऑपरेटिंग सिस्टिमने, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार चालवणाऱ्या मूळ प्रणालीने, वापरकर्त्याला न विचारता आधीच देऊन ठेवलेली असतात. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि तिन्हींत ती बदलता येतात. ज्यांचा हात दिवसभर माउसवर असतो त्यांनी तरी ती बदलून पाहिली पाहिजेत, कारण ती कोणत्या तरी सरासरी हातासाठी ठरवलेली आहेत.

माउसची ओळख पटण्याचा भाग आज सोपा वाटतो, पण तो तसा होण्यास बराच काळ जावा लागला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ साली डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस तयार केला; ती लाकडी पेटी होती आणि तिच्या तळाशी एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाके होती, एक आडव्या हालचालीसाठी आणि दुसरे उभ्या. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढे चाकांची जागा रबरी गोळीने आणि गोळीची जागा टेबलाची दर सेकंदाला हजारो छायाचित्रे टिपणाऱ्या सूक्ष्म कॅमेऱ्याने घेतली, तरी आडवी व उभी हालचाल वेगवेगळी मोजून संगणकाला कळवण्याचे काम तेच राहिले. मात्र ती कोणत्या भाषेत कळवायची याबाबत दीर्घकाळ एकमत नव्हते. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या गोल पीएस/२ खोबणीत माउस बसवला, तरी पुष्कळदा त्यासोबत आलेला ड्रायव्हर, म्हणजे त्या विशिष्ट उपकरणाशी बोलण्यासाठी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, वेगळा बसवावा लागे.

ही अडचण दूर केली ती यूएसबीने आणि त्याहूनही तिच्यासोबत आलेल्या एचआयडी या संकेताने. मानवी हाताने चालवायच्या उपकरणांसाठी ठरलेला हा सामाईक करार आहे. त्यानुसार जोडला जाणारा माउस स्वतःच आपले वर्णन सांगतो, म्हणजे बटणे किती, चाक आहे की नाही आणि हालचालीचा आकडा किती बिटांचा येईल. कराराच्या अगदी प्राथमिक रूपात माउसचा प्रत्येक निरोप अवघ्या ३ बाइटांत मावतो: पहिल्यात बटणांची स्थिती, दुसऱ्यात आडवे अंतर, तिसऱ्यात उभे. साधा माउस असे निरोप सेकंदाला १२५ वेळा पाठवू शकतो आणि खेळांसाठी बनवलेला माउस १००० वेळा किंवा त्याहूनही अधिक. हा करार तिन्ही प्रणालींना मान्य असल्यामुळेच आज साध्या माउससोबत ड्रायव्हरची तबकडी येत नाही. संगणकाच्या इतिहासात प्रतिस्पर्धी कंपन्यांनी सामान्य वापरकर्त्याच्या सोयीसाठी इतका निखळ समझोता केल्याची उदाहरणे फार नाहीत, आणि म्हणून त्याचे मोल नीट ओळखले पाहिजे.

परंतु ‘डावीकडे २० मोजण्या’ असा निरोप मिळाल्यावर बाण किती ठिपके हलवायचा, हे या करारात नाही, आणि प्रणालींमधला फरक इथूनच सुरू होतो. खोक्यावर डीपीआय म्हणून छापलेला आकडा म्हणजे हात एक इंच सरकल्यावर माउस किती मोजण्या पाठवतो तो आकडा. ८०० डीपीआयचा माउस घेतला आणि एका मोजणीला एक ठिपका असा सरळ हिशेब धरला, तर १९२० ठिपके रुंदीचा पडदा ओलांडण्यास हाताला २.४ इंच सरकावे लागते. १६०० डीपीआयला त्याच्या निम्मे अंतर पुरते. प्रत्यक्षात हा सरळ हिशेब क्वचितच लागू असतो, कारण प्रणाली त्यात प्रवेग मिसळते. हात सावकाश हलला तर बाण अगदी थोडा हलवायचा, म्हणजे बारीक काम नेमके होते, आणि हात झटक्यात हलला तर बाण प्रमाणाबाहेर दूर न्यायचा, म्हणजे मनगटाला कमी श्रम पडतात, अशी ही योजना आहे. तिचे गणित प्रत्येक प्रणालीने स्वतंत्रपणे मांडले असल्यामुळे एकच माउस त्याच टेबलावर एका संगणकाला हलका आणि दुसऱ्याला जड वाटतो, आणि दोष नसताना तो माउसला दिला जातो.

विंडोजमध्ये वेगाची पट्टी आणि मुख्य बटणाची निवड सेटिंग्जमधील माउसच्या पानावर आहे. जुन्या धाटणीच्या चौकटीत त्या पट्टीला ११ खुणा असून मधली, म्हणजे सहावी, खूण मूळ हिशेबात गुणाकार न करणारी आहे. त्याच ठिकाणचा ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ हा पर्याय अचूकता वाढवण्याचे आश्वासन देत असला तरी तो प्रवेगाचीच कळ आहे आणि सहसा आधीपासून चालू असतो. पत्रव्यवहार आणि हिशेबाच्या कामाला तो उपकारक ठरतो; चित्रे काढणाऱ्याने किंवा आराखडे आखणाऱ्याने मात्र तो बंद करून पाहावा, कारण अशा कामात हाताचे ठरावीक अंतर आणि बाणाचे ठरावीक अंतर यांचे नाते पक्के असणे महत्त्वाचे असते. मॅकओएसमध्येही अलीकडच्या आवृत्त्यांत प्रवेग बंद करण्याची सोय आहे. तिथे नव्या माणसाला अधिक खटकते ती चाकाची दिशा: २०११ सालच्या लायन आवृत्तीपासून ऍपलने मजकूर बोटाच्या दिशेने सरकवण्याची पद्धत रूढ केली, जी लॅपटॉपच्या स्पर्शपट्टीवर सहज वाटते, पण चाकावर विंडोजच्या नेमकी उलट ठरते, आणि माउससाठी ती दिशा बदलली की स्पर्शपट्टीचीही बदलते. या दोन गोष्टी एकाच कळीला बांधण्याचे समर्थन करणे कठीण आहे आणि त्या वेगळ्या करण्यासाठी बाहेरचा छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो.

लिनक्सचा प्रवास या बाबतीत सर्वांत बोधक आहे. एकेकाळी तिथे माउस चालवायचा म्हणजे एक्स या चित्रप्रणालीच्या संरचना-फाइलमध्ये माउसची भाषा स्वतः लिहावी लागे आणि चाक चालण्यासाठी आणखी एक ओळ घालावी लागे, कारण एक्सच्या दृष्टीने चाक असे काही नव्हतेच. चाक वर फिरवणे म्हणजे चौथे बटण दाबणे आणि खाली फिरवणे म्हणजे पाचवे, असे मानून वेळ भागवलेली होती. आज हे काम लिबइनपुट हा सामाईक प्रोग्रॅम-संच करतो आणि त्यात प्रवेगाचे दोन मुख्य प्रकार नावानिशी उपलब्ध आहेत: वेगानुसार बदलणारा आणि सपाट, म्हणजे बाणाचे हाताशी कायम एकच प्रमाण ठेवणारा. जे इतरत्र पट्टीआड झाकलेले असते ते इथे उघडपणे निवडता येते, ही या प्रणालीची मोठी देणगी आहे. एक सावधगिरी मात्र हवी: जुन्या मार्गदर्शिकांत सांगितलेली ‘एक्सइनपुट’ ही आज्ञा एक्ससाठी आहे आणि नव्या वेलँड व्यवस्थेत तिच्याने माउसची सेटिंग्ज बदलत नाहीत; तिथे गनोम किंवा केडीई अशा आपल्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्येच जावे लागते.

बिनतारी माउसबाबत आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. ज्याच्यासोबत छोटा यूएसबी ग्राहक, म्हणजे माउसच्या रेडिओ लहरी पकडणारा तुकडा, येतो तो माउस संगणकाला तारेच्या माउससारखाच दिसतो. पण ग्राहक वेगवान यूएसबी ३ खोबणीला खेटून बसवला तर तिथून निघणारा विद्युतगोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो आणि बाण अडखळतो, म्हणून छोट्या वाढीव तारेने तो दूर न्यावा. ब्लूटूथ माउसची जोडी मात्र गुप्त किल्लीने जुळवली जाते आणि ती किल्ली प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःजवळ ठेवते. त्यामुळे एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर एकीकडे जोडी जुळवल्यावर दुसरीकडची बहुधा तुटते, आणि अशा घरात ग्राहकासह येणारा माउस घेणेच शहाणपणाचे.

डावखुऱ्यांसाठी बटणांची अदलाबदल तिन्ही प्रणालींत आहे, आणि ती केल्यावर पुढची प्रत्येक निवड उजव्या बटणाने करायची असते, हे आधी सांगितले नाही तर माउस बिघडल्याचा समज होतो. वयस्कर हातांसाठी डबल-क्लिकचा अवधी याहून महत्त्वाचा आहे: विंडोजमध्ये तो मुळात ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा असतो आणि ज्यांची बोटे सावकाश चालतात त्यांची दुसरी टिचकी त्यानंतर पडली, तर फाइल उघडण्याऐवजी नुसती निवडली जाते. हा अवधी वाढवणे, तसेच बटण दाबून न धरता वस्तू ओढू देणारी ‘क्लिकलॉक’ ही सोय चालू करणे, ही कामे माउस बसवून देणाऱ्याने त्याच बैठकीत, ज्यांना तो वापरायचा आहे त्यांना शेजारी बसवून, त्यांच्याच हाताने दोन-तीन फाइली उघडून पाहत केली पाहिजेत.