पांढरीची साक्ष : भीमेचे खोरे आणि माणसाचा भूतकाळ



मराठी खेड्याने आपली भूमी दोन नावांनी ओळखली : काळी आणि पांढरी. काळी ही पिकाची, पांढरी ही वस्तीची. परंतु नदीकाठच्या कित्येक गावांलगत अशीही एक पांढरी आढळते, की जिच्यावर आज कोणाचे घर नाही. मातीच्या भिंती, चुलीतील राख, शेण, हाडे आणि खापरे यांचे थर साचून ही टेकाडे तयार झाली. ही माती शेताला मानवते म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती गाड्या भरून नेण्यात आली आणि खोऱ्याचे सर्वांत जुने दप्तर पानापानाने नाहीसे होत गेले. त्या दप्तरात काय लिहिले आहे आणि समाजवादी कार्यकर्त्याने ते का वाचावे, एवढाच आजचा विषय आहे.

या अभ्यासाचे एकक खोरे हेच असले पाहिजे. जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीत उगम पावणारी कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला आणि भीमा कृष्णेला. कुकडीच्या काठी बोरी येथे नदीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला व त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे मिळाली. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असल्याचे मानले जाते. ती पाऊण लाख वर्षांपूर्वीची की कित्येक लाख वर्षांपूर्वीची, याविषयी मात्र शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. डेक्कन कॉलेजमधील शरद राजगुरू यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञांनी पश्चिम महाराष्ट्रातील नद्यांचे गाळ तपासून नदी केव्हा भरत गेली, केव्हा खोल कापत गेली, याचा इतिहास मांडला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतालच्या टेकड्या पायाखाली घातल्या. गारगोटीची बारीक हत्यारे, देवींची ठाणी आणि मेंढपाळांच्या वाटा यांचा संबंध त्यांनी जोडून दाखवला. राजांच्या वंशावळीत ज्यांना जागा नव्हती, त्या माणसांचा इतिहास लिहिण्याची वाट अशा संशोधनाने मोकळी केली.

या वाटेवरील सर्वांत बोलका मुक्काम म्हणजे शिरूर तालुक्यातील, घोड नदीच्या काठचे इनामगाव. १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले आणि १९८८ मध्ये त्याचा बृहद् अहवाल प्रसिद्ध झाला. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतील शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली. सव्वाशेहून अधिक घरे उघडी पडली. जव, मसूर, कुळीथ, वाटाणा यांचे जळके दाणे मिळाले. नदीचे पुराचे पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट आणि त्यालगतचा बांध आढळला. असा पाट एका कुटुंबाच्या हातून होत नाही. त्यासाठी गावाचे सामुदायिक श्रम लागतात.

तथापि हे गाव समतेचे नंदनवन होते, असे समजण्याचे कारण नाही. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. ढवळीकरांनी ते गावप्रमुखाचे घर मानले आणि गावाचे वाढावा धान्य तेथे जमा होत असावे, असा निष्कर्ष काढला. श्रम सर्वांचे आणि कोठाराची किल्ली एकाच्या हाती, ही व्यवस्था या खोऱ्यात निदान तीन हजार वर्षांची जुनी आहे.

इ. स. पू. १००० च्या सुमारास चित्र पालटले. गोदावरी आणि तापीच्या खोऱ्यांतील जोर्वे संस्कृतीच्या वस्त्या ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिले, पण कसे? ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाचे प्रमाण घटले, शिकार वाढली, शेतकरी पशुपालनाकडे वळला. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी जोर्वे काळातील बालकांचे सांगाडे अभ्यासून २०११ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पावसाचा ऱ्हास हे एकमेव कारण त्यांनी मान्य केले नाही. परंतु इनामगावच्या अखेरच्या काळातील बालकांची वाढ खुंटली होती, हे त्यांनी दाखवले. कारणाविषयी मतभेद राहोत. संकटाची किंमत प्रथम कोणी मोजली, हे त्या चिमुकल्या हाडांवर नोंदले गेले आहे.

येथे अर्थशास्त्र आणि पुरातत्त्व यांची गाठ पडते. अवर्षण निसर्ग आणतो. भूक मात्र पाणी आणि धान्य कोणाच्या ताब्यात आहे, यावरून ठरते. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने हा धडा घेतला, म्हणूनच रोजगार हमीचा कायदा झाला. उलटपक्षी कृष्णेच्या पाण्याचा हिशेब आजवर राज्याराज्यांतील वाटणीच्या भाषेत होत आला. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले; त्यातील किती उसाला आणि किती कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारीला, हा प्रश्न राज्यावर सोपवला गेला. तो प्रश्न अजून सुटलेला नाही. २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी गोदावरीच्या खोऱ्यात चाकांवरून गेले. खोऱ्याचा विचार न करता केलेल्या नियोजनाचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

ज्या मातीतून हे धडे मिळतात, तीच आज झपाट्याने नष्ट होत आहे. पूर्वी बैलगाडी होती, आता यंत्रे आहेत. वाळूचा बेसुमार उपसा नदीकाठचे गाळ मोडतो, सपाटीकरणात पांढरी एका दिवसात नाहीशी होते. धरणांना विरोध करण्याचा हा मुद्दा नाही. कृष्णेवरच्याच नागार्जुनसागर धरणासाठी १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याचे खोरे बुडण्यापूर्वी उत्खनन करण्यात आले आणि तेथील अवशेष उंचावर हलवले गेले. शासनाने मनावर घेतले तर हे होऊ शकते. भीमेवरील उजनी जलाशयात पळसदेवचे मंदिर मात्र पाण्याखाली गेले. पाणी ओसरले की ते वर येते आणि बघ्यांची गर्दी जमते. त्याच पाण्याखाली गेलेल्या गावठाणांची आठवण फक्त विस्थापितांना उरली आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. आपल्या तालुक्यातील जुन्या पांढरींची नोंद ग्रामसभेच्या ठरावाने करून घ्यावी. रस्ता, कालवा किंवा वाळूचा लिलाव यांस मंजुरी देण्यापूर्वी पुरातत्त्वीय पाहणीची मागणी करावी. आणि पाणीवाटपाच्या प्रत्येक सभेत उगमापासून टोकापर्यंतच्या साऱ्या खोऱ्याचा, त्यातही शेवटच्या भूमिहीनाचा, हिशेब मागावा. इनामगावच्या लोकांना आपल्या पाटाचे पुढे काय झाले, हे लिहून ठेवता आले नाही. आपल्यापाशी लिपी आहे, ग्रामसभा आहे, मताचा अधिकार आहे. कोठाराची किल्ली कोणाच्या हाती असावी, हे ठरवण्याची संधी त्यांना नव्हती, ती आपल्याला आहे.